निम्मी गाडी

१२ जून १९७८, सोमवार

रामटेकच्या रस्त्यावर कन्हानचा पूल ओलांडला की मधुकरराव शेंगांचा पुडा मांडीत धरायचे. उजवा हात स्टीअरिंगवर, डाव्या हातात शेंग. क्लच दाबला की नुसतं "हं" म्हणायचे आणि डाव्या सीटवरून गिअर मी टाकायची. दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा. १९५२ साल, सेकंडहँड मॉरिस, रस्त्यावर चिटपाखरू नाही. एकदाही खर्रकन आवाज झाला नाही. "अरुंधती, तुला निम्मी गाडी येते," ते म्हणायचे. "उरलेली पुढच्या वर्षी शिकवतो."

ते पुढचं वर्ष चोवीस वर्षांत आलं नाही. मग तेच गेले. तेरावं झालं आणि पंधराव्या दिवशी मुकुंदभाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, मॉरिस विकून टाकली. मला विचारलं नाही. संध्याकाळी गॅरेजमध्ये गेले तर जमिनीवर तेलाचा डाग तेवढा होता.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नार्ड सांगत, राग आला की तो सुवाच्य अक्षरात लिहून काढावा आणि मग कागद फाडून टाकावा. वही आजच आणली आहे. फाडायचं काय ते पुढे बघू.

मी गेल्या वर्षी, छप्पन्नाव्या वर्षी, उरलेली निम्मी गाडी शिकले. लायसन्सच्या वेळी लांबची पाटी वाचायला सांगितली. माझ्या आधीच्या चौघांनी ती मोठ्याने वाचली होती, त्यामुळे मला पाठच झाली होती. शिक्षिकेला पाठांतराचा एवढा तरी फायदा व्हावा.

आणि आज गाडी घेतली. फियाटचा नंबर लावला असता तर तो मी गेल्यावर लागला असता. शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात ताडपत्रीखाली ही पडून होती. विलायती एम.जी., हिरवी, बुटकी, कापडी छपराची, दोनच सीटांची. मँगनीजच्या खाणीवरचा कोणी साहेब जाताना सोडून गेला. कुटुंबवत्सल माणसांना नको, म्हणून मला परवडली. रुपराव म्हणून एक मिस्त्री आहे तिथे, ट्रक दुरुस्त करतो. त्यानेच हिला चालती केली.

"बाई, हे पोट्ट्यायची गाडी हाय जी. तुम्ही काहून घेता?"

"रोज शाळेत जायला. धरमपेठ ते सदर."

रुपराव हातातला पाना खाली ठेवून हसला. "साहेब हिले शिकारीले नेत होता. आता पोरीयच्या शाळेत चालली. एकेकाचं नशीब हाय बावा."

आत बसलं की जमिनीवर बसल्यासारखं वाटतं. गिअरचा दांडा मधोमध आहे. हात आपोआप तिथे गेला. उजवा हात. मग आठवलं, आता डावा न्यायचा.

१४ जून

मुकुंदभाऊजी वरच्या मजल्यावरून लुंगीवरच खाली आले.

"वहिनी, हे काय आणलंत? चार माणसं कुठे बसायची हिच्यात?"

"कोणती चार माणसं, भाऊजी?"

"म्हणजे, घरची."

"घरच्यांची गाडी तुम्ही विकलीत."

त्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं. म्हणाले, "ती रोज समोर दिसली असती तर तुम्हाला वाईट वाटलं असतं, म्हणून विकली." म्हणजे मला काय वाटलं असतं हेही त्यांनीच ठरवलं! माझी जाऊ कुसुमताई जिन्यातून म्हणाली, "चालवा हो वहिनी. आता डोळ्याला गॉगल लावला की झालं." लावलाच. मधुकररावांचा आहे, कपाटात होता.

भाऊजींची नात ठमी सहा वर्षांची. ती तेवढी खूश. "काकूआजी, हिचे डोळे बेडकासारखे आहेत!"

गाडी आत घेताना फाटकाच्या डाव्या खांबाला पत्रा घासला. तो खांब भाऊजींनीच बांधून घेतला होता. ओळंबा न लावता बांधला असणार.

२६ जून, सोमवार

शाळा सुरू झाली. फाटकातून आत गेले तर नववीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी कडक चेहरा ठेवला, पण गाडी बंद करून क्षणभर तशीच बसून राहिले. तीस वर्षं या शाळेत सायकलरिक्षाने येते आहे. आज पहिल्यांदा कोणाची तरी पाठ न बघता आले.

मनकर्णा सोबत होती. ही माझ्याकडे स्वयंपाकाला आहे, भिवापूरची, पस्तिशीची. नवऱ्याने टाकली, तेव्हापासून आमच्या मागच्या खोलीत राहते. गाडी पाहून म्हणाली, "हे तं बिनाछपराची रेंगी हाय जी." रेंगी म्हणजे त्यांच्याकडची हलकी बैलगाडी. आणि आता रोज येणार म्हणते! सकाळी माझ्याबरोबर जायचं, बसने परत यायचं, चार वाजता पुन्हा बसने शाळेच्या फाटकाशी हजर. एवढी गाडीची हौस मी कोणात पाहिली नाही. असो. डावी सीट रिकामीच असते.

९ जुलै, रविवार

वाडीला जाऊन रुपरावला चांगलं फैलावर घेतलं. हेडलाइट मंद आहेत हे मी तिसऱ्यांदा सांगते आहे. त्याने दोनदा बल्ब बदलले, तरी दिवेलागणीला समोरचं धड दिसत नाही. येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. काच खराब असेल म्हटलं, तर काच पुसून दाखवतो.

"बाई, दिवे झकास हायेत. याच्याहून उजेड पाह्यजे तं सूर्यच बसवा लागन."

"वायरिंग तपासा."

"तपासलं जी." मग थोडा घुटमळला. "बाई, तुम्ही डोळे कवा दाखवले होते?"

काय हा उर्मटपणा! स्वतःचं काम जमत नाही आणि गिऱ्हाइकाचे डोळे काढायचे. मी म्हटलं, "मी अजून सुईत दोरा ओवते, रुपराव." खरंच ओवते. समोर धरलेलं सगळं मला स्वच्छ दिसतं.

मी इंजिन सुरू केलं आणि हा अचानक डाव्या दारापाशी उगवला. दचकले. म्हणाला, "मी इथंच उभा होतो जी, मघापासून." असं चोरपावलांनी येऊन वर थापा मारणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत.

२० जुलै

डोकं दुखतं आहे. या वहीच्या रेघा इतक्या फिकट छापल्या आहेत की अक्षरं डावीकडून सुरू करताना रेघच सापडत नाही. दुकानदाराला सांगणार आहे. आपल्या रस्त्यावरचे दिवेही म्युनिसिपालिटी हल्ली अर्धेच लावते असं वाटतं. भाऊजी म्हणतात सगळे लागतात. त्यांचा प्रत्येक गोष्टीत विरोध.

आणि मनकर्णा! सगळा रस्ता तिच्या तोंडाचा पट्टा चालू. "बाई, सायकल! बाई, गाय हाय! डावीकडं पोट्टं हाय जी, हळू!" मी काय आंधळी आहे? आज एका वळणावर म्हटलं, "तू गाडी चालवतेस की मी?"

"म्या चालवली असती तं बरं होतं," ती म्हणाली.

मला हसू आलं, ते दाबलं. मग समजलं की ती थट्टा करत नव्हती. तिच्या बापाची शंकरपटाची जोडी होती. बैलांच्या शर्यतीत बाया बसत नाहीत, पण पटाआधी महिनाभर बैलांचा सराव असतो, तेव्हा कासरा हिच्या हातात. भाऊ घाबरायचा म्हणे.

"बैल उधळला तं ओरडाचं नाई जी. कासरा ढिला बी कराचा नाई. त्याच्या कानाकडं पाहाचं. कान सांगते तो कुठं चालला ते."

"मग पटात कोण बसायचं?"

"भाऊ. म्या शिकवलेली जोडी घेऊन." मग म्हणाली, "जिंकला बी."

 मला मॉरिसचा गिअर आठवला. किती बायकांना या जगात निम्मी गाडी येत असेल? आणि मधुकरराव, तुम्हाला विचारते, चोवीस वर्षांत एक रविवार मिळाला नाही? तुम्ही वाईट नव्हता. वाईट असता तर मी भांडून शिकले असते.

५ ऑगस्ट, शनिवार

आज इतकी संतापले आहे की अक्षर नीट येत नाही.

गांधीबागेत पडद्यांचं कापड आणायला जायचं होतं. निघतानाच मनकर्णेला बजावलं, "आज तोंड उघडलंस तर तिथेच उतरवीन." बसली गप्प, दाराला घट्ट धरून. आणि एका गल्लीच्या तोंडाशी डाव्या बाजूने एक हातगाडी माझ्या मडगार्डवर आली. कापडाची ठाणं रस्त्यावर. हातगाडीवाला ओरडायला लागला, "बाई, मी तं घंटाभरापासून इथं उभा हाय! चाकाले धोंडा बी लावून ठेवला नं, पाहा!" चाकाखाली धोंडा होता खरा. पण नंतर लावला असेल. लोक जमले. एक पोरगेला माणूस म्हणाला, "म्हातारपणी रेस लावून राहिली का आजी?" मी इंग्रजीत त्याची हजेरी घेतली. त्याला कळली नाही, मला बरं वाटलं.

नुकसान भरून दिलं, मळलेलं एक ठाण पडद्यांसाठी घेतलं. गाडीत बसल्यावर मनकर्णेवर ओरडले, "आता का नाही बोललीस?"

"तुम्हीच तं म्हटलं जी, तोंड बंद."

घरापर्यंत ती रडत होती. मीही तिला समजावलं नाही. आईची आठवण येत होती, कोण जाणे का. शेवटच्या वर्षांत देवापुढचं निरांजन चाचपडत लावायची आणि वातीवर चिडायची.

१ सप्टेंबर, शुक्रवार

मनकर्णा पोळ्याला भिवापूरला गेली. सोमवारी येईल. जाताना उंबऱ्यात अडून उभी राहिली.

"बाई, एक ऐकाल का? मी येतपर्यंत गाडी नका काढू."

"का?"

"असंच."

"असंच म्हणजे काय? मला आता स्वयंपाकघरातून परवानगी घ्यायची का?"

"रागावू नका जी. मिरच्या आणतो तुमच्यासाठी."

भाऊजी म्हणतात ही गाडी घ्यायलाच नको होती, ही सांगते काढू नका. ज्याला त्याला या गाडीची किल्ली हवी आहे. मी सत्तावन्न वर्षं ऐकलं. वडिलांचं, सिस्टरांचं, मधुकररावांचं. आता पुरे.

३ सप्टेंबर, रविवार. तान्हा पोळा.

आज लिहीत नाही.

४ सप्टेंबर

काल लिहिलं नाही ते लिहिते. सुवाच्य अक्षरात.

मुद्दाम गाडी काढली. काम नव्हतं. वाडीपर्यंत जाऊन आले. परत येताना ऊन कललं होतं. रस्त्यावर मुलं आपापले चाकांवरचे लाकडी बैल घेऊन निघाली होती. झुली, मण्यांच्या माळा, शिंगांना बेगड. मी हळू चालवत होते. अगदी हळू, हे खरं आहे. फाटकातून आत वळले आणि डाव्या चाकाखाली काहीतरी कट्कन मोडलं. मला वाटलं नारळाची करवंटी.

ठमी खांबाशी उभी होती. नवं परकर-पोलकं. हातात नुसती दोरी. सगळ्यात पहिला बोजारा, म्हणजे बैल दाखवून मिळणारे पैसे, काकूआजीकडून घ्यायचा म्हणून ती बैल घेऊन फाटकात येऊन थांबली होती. बैलाची झूल सरळ करून नुकतीच मागे सरली होती. नुकतीच.

ती रडली नाही. म्हणाली, "काकूआजी, मी हात केला होता."

मुकुंदभाऊजी आले. मला वाटलं, आता बोलतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं, की पोरांना फाटकात उभं कशाला करता. ते खाली बसून बैलाचे तुकडे गोळा करत राहिले. एक चाक मिळेना, ते शोधत राहिले.  त्यांनी एक शिवी दिली असती तर मला रागावता आलं असतं.

आज दुपारी मनकर्णा आली. तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, चल. गाडी चिंचेखाली उभी होती. मी स्टीअरिंगवर बसले, नजर समोर चिंचेच्या बुंध्यावर ठेवली. लख्ख ऊन होतं. म्हटलं, "डावीकडून चालत ये. मी मान वळवणार नाही."

थोड्या वेळाने विचारलं, "निघालीस का?"

"आली जी."

"कुठे आहेस?"

"इथंच. दाराले हात लावून हावो."

मला चिंचेचा बुंधा दिसत होता, सालीवरच्या मुंग्यासुद्धा दिसत होत्या. मनकर्णा नव्हती.

"तुला ठाऊक होतं?"

"हाव."

"कधीपासून?"

"दोन अडीच महिने झाले."

मी इतकी चिडले की गाडीतून उतरताना पदर दारात अडकला. "मग सांगितलं का नाहीस, भवाने?"

ती पण चिडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "रोजच तं सांगून राहिली! सायकल, गाय, पोट्टं, हातगाडी! दुसरं काय सांगत होती मी? तुम्ही घरात बसल्या का साऱ्या जगावर कावता. गाडीत बसल्या का गाणं म्हणता, इंग्रजीतलं. म्या म्हटलं, मी बाजूले हावो तवर चालन."

मी गाणं म्हणते हे मला माहीत नव्हतं.

८ सप्टेंबर, शुक्रवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे भाऊजी घेऊन गेले. रिक्षाने. काचबिंदू. डाव्या डोळ्याची कड बरीच गेली आहे, उजव्यालाही सुरुवात. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून राखायचं. समोरचं दिसत राहतं, म्हणून माणसाला कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आईलाही हेच असणार. तिच्यावर आम्ही सगळे किती हसलो!

राग कोणावर काढू हेच कळेना. रुपराववर काढला, फिकट वहीवर काढला, खांबावर काढला. खांब ओळंब्यात आहे. काल हात लावून पाहिला.

रिक्षात भाऊजी म्हणाले, "वहिनी, दादाची गाडी विकण्याआधी मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"विचारायला हवं होतं," मी म्हटलं.  त्यांना एवढ्यात सोडणार नाही.

गाडी विकायचं त्यांनी सुचवलं नाही. मीच रात्रभर तो विचार करून पाहिला, आणि सकाळी चहा घेताना मनकर्णेला विचारलं, "एक्सलेटर आणि क्लच म्हणजे काय कळतं का तुला?"

"एक हाकाचा, एक सोडाचा," ती चूल फुंकत म्हणाली. "अडीच महिने पाहून राहिली नं तुमचे पाय. रस्त्यावर नजर मी ठेवत होती, पण मधी मधी पाय बी पाहत होती."

१० सप्टेंबर, रविवार

ही पानं फाडणार नाही. भाऊजींनी वाचून त्याप्रमाणे करावं. सही करून ठेवते.

ठमीला नवा बैल. सागवानी, मोठ्या चाकांचा. वाडीला रुपराव स्वतः करून देतो म्हणाला. मोडलेल्या बैलाचं जे चाक भाऊजींना सापडलं नाही ते मला डाव्या मडगार्डमध्ये अडकलेलं मिळालं, तेही तिला द्यावं. बोजारा पुढच्या वर्षीचाही आगाऊ. मधुकररावांचा गॉगल तिला मोठी झाल्यावर.

रुपरावला त्याने काढून माझ्याकडे दिलेले चार बल्ब परत. चारही चांगले आहेत. सोबत माझी चिठ्ठी, तिच्यात दिलगिरी आहे, ती त्याने कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावी.

गांधीबागेतल्या हातगाडीवाल्याला पडद्याचं उरलेलं ठाण. धोंडा आधीपासून होता, हे त्याला सांगावं.

माझं लायसन्स मुकुंदभाऊजींनी कुलपात ठेवावं. मी कितीही मागितलं, कितीही बोलले, तरी देऊ नये. मी बोलेन. गॅरेजची किल्ली मात्र त्यांच्याकडे राहणार नाही.

कुसुमताईला काही नाही. तिला फिरवून आणू, तेवढं पुरे.

गाडी मनकर्णेला. कागदावर तिच्या नावाने, उपकार म्हणून नव्हे. दर रविवारी वाडीच्या गोदामाच्या रिकाम्या आवारात रुपरावने तिला शिकवावं, आणि याच वर्षी शिकवावं. लायसन्सच्या वेळी तिने पाटी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी. अक्षरं मी शिकवते, कालपासून सुरू केलं आहे. तिला लायसन्स मिळाल्यावर मला रोज शाळेत सोडावं, माझी निवृत्ती होईपर्यंत. नंतर कुठे जायचं ते तिने ठरवावं.

मधुकररावांना काय द्यायचं ते माझं मी बघेन. रामटेकला एकदा जाऊन आल्यावर.

डावी सीट कोणालाही देऊ नये. तिथे मी बसणार. गिअरचा दांडा माझ्या उजव्या हाताला येतो आणि तो मला न बघता सापडतो. मनकर्णेने क्लच दाबून नुसतं "हं" म्हणायचं.

अरुंधती